तुम्ही विचारलंत म्हणून : टायर मी घरीच का बसवते

मोटरसायकलचं मागचं चाक पडवीत आडवं आणि माझ्या हातात टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, दिसली की गेटपाशी कोणीतरी थांबतंच. "ताई, कोपऱ्यावर टायरवाला असताना घरी कशाला?" तरुण मुलं दुसरंच विचारतात, "आम्ही पण बसवू का?" दोन्ही प्रश्नांना आजवर तुटक उत्तरं दिली. आता नीट सांगते.

पैसे वाचत नाहीत. टॉम्या, रिमला ओरखडा जाऊ नये म्हणून लावायचे प्लॅस्टिकचे तुकडे, कॉम्प्रेसर, हवेचा दाब दाखवणारं भरवशाचं गेज, एवढ्या खर्चात दुकानात कितीतरी टायर बसवून झाले असते. हौस आहे, ती लपवत नाही. पण हौशीसाठी माणूस दरवेळी गुडघे टेकून घाम गाळत नाही.

चिपळूणहून कराडला निघाले होते. कुंभार्ली घाट लागण्याआधीच मागचा टायर पंक्चर झाला, भोक बुजवण्यापलीकडचं होतं. रस्त्यालगतच्या दुकानात नवा घेतला. बसवायला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. हात चलाख होता त्याचा. टायर रिमवर चढला, हवा भरली, एका बाजूचा बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कडा, फटकन जागेवर बसला. दुसऱ्या बाजूला वीतभर भाग आतच अडकला. टायरच्या काठाला रिमलगत एक बारीक रेषा असते. बीड नीट बसला तर ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसते. इथे ती तेवढ्या भागात रिमखाली गेली होती. साबणाचं पाणी संपलेलं. गेजची काच फुटलेली, काटा एका जागी. मुलगा नोजल दाबूनच होता आणि दुसऱ्या हाताने तो अडकलेला भाग चेपत होता, बोटं टायर आणि रिमच्या मधल्या फटीत. मी म्हटलं, "थांब, हवा सोड आधी." आतून मालक म्हणाले, "ताई, आमचं रोजचंच आहे हे."

तेवढ्यात बीड उडाला. मुलाची दोन बोटं आत.

तो ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. हवा सोडायला व्हॉल्वची पिन काढायची, तर पिनेची चावी सापडेना. शेवटी पकडीने फिरवून काढली. हवा गेली तरी बीड सुटत नाही, रिमला घट्ट धरून बसतो. तो टॉमीने खाली दाबेपर्यंत बोटं तशीच. एका बोटाचं पेर मोडलं होतं, दोन्ही नखं गेली. दवाखान्यात मालकही होते, पण त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नाही.

बीडमध्ये पोलादी तार असते, ती ताणली जात नाही. ट्यूबलेस रिमच्या आत कडेला बारीक उंचवटा असतो. बसलेला बीड पुन्हा आत घसरू नये म्हणून तो केलेला. तो उंचवटा ओलांडायला रबर ओलं लागतं. कोरडं रबर अडकतं, दाब साठत जातो आणि सुटतो तो एका क्षणात. 40 पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर सुमारे 18 किलो. माझ्या टायरवर बीड बसवण्याची मर्यादा तेवढीच छापली आहे. तिथे काटा आला की मी थांबते. सगळी हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा, पुन्हा भरायची. पिन काढून भरली तर हवा झटक्यात आत जाते आणि बीड बहुतेक वेळा 40 च्या आधीच बसतो. नळी लांब हवी, आपण चाकापासून लांब. बीड बसवायला पेट्रोल शिंपडून काडी ओढणारे व्हिडिओ कृपा करून मला पाठवू नका.

चांगल्या दुकानात मशीन असतं, गेज असतं, मान्य. तिथे खुशाल जा. माझ्या रस्त्यावर ते नाही.

पूर्वी मी सगळ्यांना सांगत सुटायचे की सोपं आहे, कोणीही करावं. टायर चढवण्यापुरतं ते आजही खरं वाटतं. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो, समोरची बाजू गुडघ्याने त्यात दाबून ठेवली की शेवटचा वीतभर भाग अलगद चढतो. जोर लागला म्हणजे समोरची बाजू वर आली. तिथे टॉमीवर ताकद लावाल तर बीडची तार दुखावेल. टायरवरच्या बाणाची दिशा बघा, चाक ब्रेकच्या डिस्कवर टेकवू नका, जोडून झाल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबल्याशिवाय निघू नका. हे शिकता येतं. काटा 40 वर आलेला, बीड बोटभर राहिलेला, आणि तरी हात मागे घेणं, हे मी कोणाला शिकवू शकते का, ठाऊक नाही.

भाच्याला सांगितलं, सगळं तू कर, हवा मात्र मी भरणार. तो म्हणाला, "मावशी, मग तुझ्यात आणि त्या मालकात फरक काय? त्यांचंही रोजचं, तुझंही रोजचं." मी म्हटलं, माझं गेज चालतं. उत्तर त्याला पटलं नाही, मलाही पुरेसं वाटलं नाही. तूर्त नोजल माझ्याच हातात आहे. तो याला अविश्वास म्हणतो आणि त्यावरून आमचं अजून वाजतंच आहे.