अठ्ठावन्न-साठचं मेण

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी देवघराच्या खणातली मेणबत्ती कमरेत वाकलेली सापडते. कुणी हात लावलेला नसतो, जवळ निरांजनही नसतं. घरात पारा ३८, फार तर ३९. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं हे शाळेपासून पाठ. मग ही बाई वीस अंश आधीच कुणाला नमस्कार करतेय?

मऊ पडणं आणि वितळणं यांत मेण बरंच अंतर ठेवतं. पॅराफिन मेणात एकाच मापाचे रेणू नसतात. साधारण वीस ते चाळीस कार्बनच्या साखळ्या त्यात एकत्र नांदतात. आखूड साखळ्या लवकर सैल होतात, लांब शेवटपर्यंत तग धरतात. त्यातून वितळायच्या बरंच आधी, घन असतानाच, या साखळ्या आपली मांडणी बदलतात. मेण दिसायला तसंच, पण दाबलं की दबतं आणि तिरकं ठेवलं की झुकतं. स्वस्तातल्या मेणबत्तीत तेलाचा अंश जास्त राहिलेला असतो, ती आणखी लवकर मान टाकते.

म्हणून पुण्याच्या रविवार पेठेत मेणाची लादी घ्यायला गेलं की दुकानदार वितळायच्या तापमानाचा एक आकडा सांगतच नाही. ‘अठ्ठावन्न-साठ देऊ, की साठ-बासष्ट?’ त्याच्या या जोडआकड्यात कित्येक कोष्टकांपेक्षा जास्त प्रामाणिकपणा आहे. मेणाचा द्रवणांक ६० असं लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कुठलं मेण, कुठल्या पद्धतीने मोजलं, तापताना की निवताना, यातलं काहीच सांगायचं नाही आणि आकडा मात्र ठणकावून द्यायचा.

निवताना मोजणं सगळ्यात सोपं. मोठ्या परीक्षानळीत मेणाचे तुकडे घ्यायचे, नळी चंचुपात्रातल्या गरम पाण्यात धरायची. थेट आच अजिबात नाही, मेण पेट घेतं. आणि पेटलेल्या मेणावर घाबरून पाणी ओतलं तर भडका छतापर्यंत जातो. सगळं मेण वितळून पारा ७५-८० वर गेला की नळी बाहेर काढून पुसायची आणि एका रुंद रिकाम्या नळीत सरकवायची. मधल्या हवेमुळे ती सावकाश निवते. मग हलकेच ढवळत दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहायचा. आधी पारा भराभर उतरतो. एका जागी मात्र रेंगाळतो, कारण गोठणारं मेण वितळताना पोटात घेतलेली उष्णता, म्हणजे अप्रकट उष्णता, परत देत असतं. ते संपलं की पुन्हा उतरण. आलेखावर हा रेंगाळलेला भाग सपाट पठारासारखा येईल म्हणून पोरं वाट बघतात, पण पॅराफिनचं पठार किंचित कलतंच. तो कल म्हणजे त्या मिश्र साखळ्यांचीच सही. बऱ्याच वह्यांत मात्र तो पट्टीने सरळ केलेला असतो.

बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. थर्मामीटरचा फुगा काचेला टेकलेला असतो, डोक्यावर पंखा गरगरत असतो, नाहीतर ढवळणं मधेच थांबतं आणि कडेचं मेण गोठून मधलं पातळच राहतं. शेवटची चूक सर्वात महाग. मेण घट्ट झालं, थर्मामीटर आत रुतला, तो ओढला, फुगा आत आणि कांडी हातात. मेण पुन्हा वितळवून तो अलगद काढायचा असतो, पण तोवर तास संपल्याची घंटा झालेली असते.

थर्मामीटर तपासायचा तर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते पाहावं. उकळत्या पाण्यात तो पुण्यात शंभर दाखवणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे पाणी ९८ अंशांनाच उकळतं आणि दरवर्षी काही निरपराध थर्मामीटर ‘खराब’ म्हणून बाजूला पडतात. मेणाला या उंचीचं सोयरसुतक नाही. हवेच्या दाबातल्या एवढ्याशा फरकाने द्रवणांक जाणवेल इतका हलत नाही.

औषधी मेणासाठी केशनलिका, म्हणजे केसासारखी बारीक काचेची नळी, वापरतात. मेण शक्य तितक्या कमी तापमानाला वितळवायचं, दोन्ही टोकं उघडी असलेल्या नलिकेत सुमारे १० मिलिमीटर चढू द्यायचं आणि मग बर्फाला टेकवून निदान दोन तास किंवा १० अंशांखाली चोवीस तास थंड करायचं. घाईने गोठलेल्या मेणाची घडी नीट बसलेली नसते, म्हणून हा मुक्काम. मग नलिका थर्मामीटरला बांधून पाण्यात अशी सोडायची की मेणाचं वरचं टोक पाण्याच्या पातळीखाली १० मिलिमीटर राहील. अपेक्षित आकडा पाच अंश दूर उरला की आच इतकी मंद, की मिनिटाला अर्धा ते एक अंशच चढावा. एका क्षणी मेणाची ती इवली कांडी सुटते आणि खालच्या पाण्याच्या रेट्याने वर सरकते. सरकली तो आकडा लिहायचा. इथे घाई केली की पारा पुढे धावतो, मेण मागे राहतं आणि उत्तर दोन-तीन अंश फुगतं.

मधमाशीच्या मेणाचा आकडा यापेक्षा नेटका, ६२ ते ६४ च्या आसपास. गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तेव्हा या शहराला हे मेण काही परकं नाही. पण त्यात त्याच आकड्याचं पॅराफिन मिसळलं तर द्रवणांक बिचारा काहीच चुगली करत नाही. ती भेसळ पकडायला अल्कोहोलातल्या अल्कलीसोबत उकळावं लागतं. मधमाशीच्या मेणातल्या एस्टर नावाच्या संयुगांचा साबण होतो, पॅराफिनवर ढिम्म परिणाम होत नाही आणि निवताना ते द्रावण लवकर गढूळ करतं.

एवढा आटापिटा कशासाठी, ते फिजिओथेरपीच्या खोलीत गेल्यावर कळतं. कोपऱ्यात स्टीलची टाकी, आत मेण, कडेला टॉवेलची चळत. आखडलेल्या बोटांची, संधिवाताची, प्लास्टर नुकतंच निघालेल्या मनगटाची माणसं तिथे मेणाचा शेक घ्यायला येतात. टाकीत नुसतं मेण नसतं. सात भाग मेणात एक भाग लिक्विड पॅराफिन, म्हणजे पातळ खनिज तेल, घालतात, म्हणजे साडेतीन किलोला अर्धा किलो. त्याने द्रवणांक खाली येतो, मेण हाताला चिवट न लागता मऊ लागतं. टाकी ५२ ते ५४ अंशांवर ठेवतात.

५२ अंशांच्या पाण्यात हात ठेवून बघा. नकोच, ठेवू नका. त्याच आकड्याचं मेण सोसतं, कारण मेणातून उष्णता पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने वाहते आणि कातडीला लागलेला पहिला थर लगेच गोठून अस्तर बनतो. वर त्याची अप्रकट उष्णता आहेच. मेण गोठताना ग्रॅममागे सुमारे २०० जूल सोडतं. म्हणजे १०० ग्रॅम मेणाचा हातमोजा नुसता घट्ट होताना जेवढी उष्णता देतो, तेवढी द्यायला १०० ग्रॅम पाण्याला सुमारे ४८ अंश निवावं लागेल.

‘काकू, पाटल्या काढा. अंगठीपण. हात धुवून कोरडा, अगदी कोरडा करा.’ पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेवढ्याच जागी चटका बसतो. बोटं फाकवून हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवायचा, काढायचा, चकाकी जाऊन मेण मळकट पांढरं झालं की परत. असं आठ-दहा वेळा. दुसऱ्या बुडीपासून हात पहिल्या रेषेच्या किंचित खालीच थांबवायचा, नाहीतर गरम मेण मोज्याच्या काठावरून आत शिरतं. बोटं हलवली की थराला तडा, आणि तड्यातून पुन्हा तेच. मग प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, पंधरा-वीस मिनिटं. मोजा सोलून निघाला की लगेच व्यायाम. शेकाने सैल झालेली बोटं तशीच मांडीवर ठेवून घरी गेलं तर शेक फुकट.

घरी करणारे टाकीऐवजी पातेल्यात पातेलं ठेवतात. खाली उतरवून मेणावर पातळ साय धरेपर्यंत थांबायचं, ही जुनी खूण चांगली आहे, तरी थर्मामीटर लावावाच. आणि मधुमेहाने ज्यांच्या हातापायाची जाणीव बोथट झालीय त्यांनी यात पडू नये. गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या कातडीला लावून फरक कळतो का, हे आधी बघतात ते उगाच नाही. उघडी जखम, पुरळ, संसर्ग असेल तरीही मेण नको.

मेणाच्या या मऊपणाचा मोह डॉक्टरांनाही पडला होता. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्झुनीने १८९९ साली व्हॅसलीनचं इंजेक्शन देऊन शरीरातली पोकळी भरून काढली. मग काय, नाकं सरळ करायला, गाल भरायला पॅराफिन टोचण्याची लाटच आली. व्हॅसलीन शरीराच्या उबेतच पातळ, ते सरकायचं. कडक पॅराफिन जागेवर राहिलं तरी भोवती गाठी धरायचं. ते खूळ सरलं हे बरं झालं.

हाडाच्या शस्त्रक्रियेत मात्र मेण टिकून आहे. कवटी किंवा छातीचं हाड कापलं की कडेच्या बारीक छिद्रांतून रक्त झिरपतं, तिथे चिमटा लावता येत नाही आणि टाकाही घालता येत नाही. लंडनचा सर्जन व्हिक्टर हॉर्स्ली याने १८९२ साली मधमाशीचं मेण आणि बदामाचं तेल मिसळून ती छिद्रं लिंपली. आजही बोन वॅक्सची अडीच ग्रॅमची पुडी फुटते, सर्जन हातमोज्यातल्या बोटांनी ते मळतो आणि हाडावर दाबतो. बोटांच्या उबेत मळता आलं पाहिजे आणि शरीराच्या उबेत वाहून जाता कामा नये, एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात त्याला बसवलेलं असतं. ते विरघळत नाही, हाड जुळण्याच्या आड येतं, म्हणून जितकं कमी तितकं बरं.

उरलं पॅथॉलॉजीचं मेण. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, चढत्या अल्कोहोलांतून पाणी सोडतो, झायलीन या द्रावकातून जातो आणि शेवटी वितळलेल्या मेणात बसतो, की पेशीपेशीत मेण भरावं. हे काम १८६९ पासून, पॅथॉलॉजिस्ट एडविन क्लेब्सच्या वेळेपासून, चालत आलंय. मेण द्रवणांकाच्या दोन-तीन अंशच वर ठेवायचं. जास्त तापवलं की तुकडा ठिसूळ होतो आणि पात्याखाली भुगा. थिजलेल्या मेणाच्या ठोकळ्याचे, म्हणजे ब्लॉकचे, तीन ते पाच मायक्रॉनचे काप काढतात. एकाला एक चिकटून निघालेल्या कापांची रिबन ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात. पाणी गार असलं तर चुण्या तशाच, फार गरम असलं तर रिबन पसरून फाटते. पुण्यातला एप्रिल-मे इथेही नडतो. खोली तापली की मेण मऊ, काप दाबला जातो. म्हणून उन्हाळ्यात साठ-बासष्टचं मेण घेतात आणि ब्लॉक कापण्याआधी बर्फावर पालथे ठेवतात.

हे ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असलं की घरचं कुणीतरी प्रयोगशाळेतून ‘ब्लॉक आणि स्लाइड्स’ सही करून घेतं, पाकीट गाडीच्या डिकीत टाकतं आणि वाटेत बँकेचं कामही उरकतं. मेच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी किंवा मोटारीचा डॅशबोर्ड साठ अंशांपर्यंत सहज जाऊ शकतो. ब्लॉकमधला तुकडा वाटाण्याएवढा असतो, आणि पुष्कळदा तेवढाच उरलेला असतो. पाकीट खांद्याच्या पिशवीत ठेवा, सोबत न्या. लांब जायचं असेल तर थर्मोकोलच्या डब्यात घाला आणि बर्फाची पिशवी कपड्यात गुंडाळून शेजारी ठेवा.