घरचं घरात, पण कुठवर?

सोलापूरच्या साखर पेठेत पाळणाघर चालवायचं म्हणजे गल्लीभरची गुपितं पोटात घालून बसायचं. आया सकाळी लेकरं सोडतात आणि वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्यात जातात, बाप यंत्रमागावर. रात्री कुणाकडं भांडण झालं, कुणाची आई रुसून माहेरी गेलीय, हे पोरं आपणहून सांगतात. मराठीत सुरू करून तेलुगूत संपवतात. ते मी ऐकते आणि तिथंच सोडते. मदतनीस मावशींनाही ताकीद आहे: डब्यात नुसती भाकरी-शेंगाचटणी आली तर आपल्यातलं वरण वाढा, "आई घरी नाही का गं?" विचारू नका.

अंगावरच्या खुणा मात्र मी सोडत नाही. दाखल करतानाच आईसमोर लेकराला नीट बघून घेते. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतात, अगदी मार बसल्यासारखे. ते पहिल्याच दिवशी वहीत गेले पाहिजेत, नाहीतर उगाच एखाद्या घरावर आळ यायचा. पळत्या पोराचे गुडघे, नडग्या खरचटलेल्या असणारच. पण कानामागं, दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीवर वळ दिसला, किंवा अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळंनिळं दिसलं, की पोटात गोळा येतो.

अशा वेळी उलटतपासणी करायची नाही. "काकानं मारलं का?" असं आपणच पोराच्या तोंडात घालायचं नाही. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तेलुगूत तर तेलुगूत, तारीख-वेळ टाकून लिहायचं. आणि "कुणाला सांगणार नाही हं" असं वचन तर मुळीच द्यायचं नाही, कारण सांगावं लागतं. मुलांच्या मदतीचा फोन १०९८. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ आहेच: पोलिसांना कळवणं बंधनकारक, घरच्यांची परवानगी लागत नाही. गप्प बसलं तर कलम २१ खाली शिक्षा. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढं काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर बालंट येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ते कुणी सांगत नाही.

लोक म्हणतात, पोलिसात गेलं की घराची अब्रू गेली. अहो, अब्रू जाते ती नळावर! पोलिसांना सांगितलेलं शेजारणीला सांगायचं काही कारण नाही. माध्यमांनी मुलाचं नाव, फोटो, पत्ता छापणं हा तर याच कायद्यानं गुन्हा आहे.

फोटोंचंही तसंच. संक्रांतीत हलव्याचे दागिने घातलेली पोरं इतकी गोड दिसतात की प्रत्येकीला सगळ्यांचा फोटो स्टेटसला हवा असतो. पण एखादी बाई नवऱ्यापासून लपून राहत असते, पोर कुठं असतं ते त्याला कळू द्यायचं नसतं. म्हणून ज्याचा फोटो त्याच्याच आईच्या मोबाईलवर. रुसतात बायका, रुसू देत.

हे सगळं दाखल्याच्या कागदावर आधीच लिहिलंय. वाचता येत नसेल तर मावशी तेलुगूत समजावून सांगतात. परवा एक आजोबा ऐकून भडकलेच, "आमच्या घरातलं बघणारी तू कोण?"

"घरातलं नाही बघत आजोबा, पोराला बघते. दिवसभर माझ्याकडंच असतं ना ते."

त्यांनी सही केली नाही. सुनेनं केली.