खासगी शाळेचा कारभार रुळावर आणताना: माझा अनुभव

शिपायाला रजा कोण मंजूर करतं? मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो त्या आठवड्यात हा प्रश्न मी पाच जणांना विचारला. उत्तरं तीन आली. मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव, आणि "भाऊसाहेबांना फोन केला की झालं". जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची स्वयंअर्थसहाय्यित शाळा, पहिली ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, २६ शिक्षक, ६ शिक्षकेतर. निकाल वाईट नव्हता, इमारत चांगली होती. अडत होतं ते एवढंच, की कुठला निर्णय कुणाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथून सुरुवात केली, आणि त्याला पूर्ण दोन शैक्षणिक वर्षं लागली. तेच काम हाती घेणाऱ्यांसाठी हा तपशील.

पहिलं काम: अधिकारांचा तक्ता. दोन पानं, चार रकाने. विषय, कोण ठरवणार, कुणाला विचारून, कुणाला कळवून. किरकोळ रजा मुख्याध्यापक देणार. ५ हजारांपर्यंतची खरेदी मुख्याध्यापकांची, २५ हजारांपर्यंत सचिवांच्या सहीने, त्यापुढे तीन दरपत्रकं आणि शाळा समितीचा ठराव. वेळापत्रक, तासवाटप, वर्गशिक्षक नेमणं यात संस्थेने पडायचं नाही. नेमणूक आणि सेवासमाप्ती यात मुख्याध्यापकाने एकट्याने सही करायची नाही. असे ३१ विषय निघाले. हा तक्ता नुसता चर्चा करून ठेवला तर पंधरा दिवसांत विरतो. तो ठरावबुकात सूचक-अनुमोदकांसह घ्यावा लागतो आणि शिक्षकखोलीत लावावा लागतो. आमच्याकडे पहिला मसुदा अडकला तो खरेदीच्या रकमेवर. तेव्हा मागच्या वर्षाची रोखकीर्द काढून दाखवली: १० पैकी ७ व्हाउचरं ५ हजारांच्या आतली होती. म्हणजे तेवढ्यासाठी सचिवांना आठवड्यातून चार वेळा शाळेत यावं लागत होतं. त्यांचाच वेळ वाचतो हे दिसल्यावर रक्कम मान्य झाली.

यामागे कायद्याचा आधार आहे. तो संचालकांनाही माहीत असला पाहिजे. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना, अनुदान असो नसो, १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. "आपली विनाअनुदानित, आपल्याला काही नाही" हा समज खानदेशात मी अनेक संस्थाचालकांकडून ऐकला. तो चुकीचा आहे. नियमावलीत शाळा समिती आहे, तिच्यात संस्थेचे प्रतिनिधी, एक शिक्षक प्रतिनिधी आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक. समिती कागदावर असते, बैठक होत नाही. आम्ही दर दोन महिन्यांनी, दुसऱ्या शनिवारी, दीड तास ठरवला. विषयपत्रिका सात दिवस आधी, इतिवृत्त तीन दिवसांत. इतिवृत्तात चर्चा लिहायची नाही, फक्त निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि तारीख. पुढच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं त्याच तारखा वाचायच्या.

संस्थेच्या पातळीवर एक गोष्ट आधी तपासा. विश्वस्त मंडळ बदललं असेल तर त्याचा फेरफार अहवाल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा लागतो. तो राहिला असेल तर परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, जुनीच नावं दिसतात. मग वाद निघाला की सही कुणाची चालणार यावर बँकेपासून शिक्षण विभागापर्यंत सगळं थांबतं. शाळेत कितीही चांगलं नेतृत्व असलं तरी हे वरचं दार बंद असेल तर पगारपत्रकही अडतं.

आता कागद. तीन गोष्टींवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला: सेवापुस्तकं, ज्येष्ठता यादी आणि गोपनीय अहवाल (कर्मचाऱ्याच्या कामावरचे शेरे).

सेवापुस्तकात नोंदी अर्धवट होत्या. रोज शेवटच्या तासाला लिपिकाबरोबर दोन पुस्तकं, अशा हिशेबाने ३२ पुस्तकं सोळा दिवसांत तपासून झाली. नेमणूक आदेश, रुजू अहवाल, शैक्षणिक पात्रतेच्या प्रती, वेतनवाढी, रजेचा हिशेब, आणि दर पानावर कर्मचाऱ्याची सही. ज्येष्ठता यादी सर्वांना वाचायला देऊन सह्या घ्यायच्या असतात, हरकती लेखी घ्यायच्या असतात. इथे टाळाटाळ होते, कारण हरकत आली की जुनं दुखणं बाहेर पडतं. पण पर्यवेक्षक किंवा उपमुख्याध्यापक नेमायची वेळ आली की तेच दुखणं दहापटीने बाहेर पडतं. दोन हरकती आल्या. एक रुजू दिनांकाची होती, मूळ आदेश काढून अर्ध्या तासात मिटली. दुसऱ्या प्रकरणात पदवीची तारीख पाहावी लागली, त्याला महिना गेला.

गोपनीय अहवालाबद्दल नियमावलीचं एक कलम प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर असावं. अहवाल लिहिलाच नाही, किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. म्हणजे पाच वर्षं "जाऊ द्या, आपलाच माणूस" म्हणून कोरा ठेवलेला अहवाल सहाव्या वर्षी संस्थेच्या विरुद्ध उभा राहतो. परिवीक्षेचंही, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणी काळाचंही, तसंच. दोन वर्षांच्या परिवीक्षेत काम समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचं वेतन देऊन सेवा थांबवता येते, पण असमाधानकारक काय होतं, ते केव्हा सांगितलं, सुधारणेला किती वेळ दिला, हे कागदावर नसेल तर शाळा न्यायाधिकरणात ते टिकवणं अवघड. कायम कर्मचाऱ्याला काढायचं तर चौकशी समिती लागते: संस्थेचा एक, कर्मचाऱ्याने सुचवलेला एक, आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधून एक. फोनवरून "उद्यापासून येऊ नका" असं सांगणारी संस्था पुढे मागील वेतन भरते. आम्ही परिवीक्षाधीन शिक्षकासाठी दर तीन महिन्यांनी एक पान ठेवलं. काय चांगलं, काय बदलायचं, पुढची तारीख, दोघांच्या सह्या. चार पानांत वर्ष.

हे कागद म्हणजे नेतृत्व नव्हे, हे मला मान्य आहे. पण हे नीट नसतील तर मुख्याध्यापकाचा सगळा दिवस कार्यालयात जातो आणि वर्गात जायला वेळच उरत नाही. वर्गात जाणं हेच खरं काम आहे.

वर्गनिरीक्षणासाठी मंगळवार आणि गुरुवारचे पहिले तीन तास राखून ठेवले. त्या वेळेत पालक नाही, फोन नाही, संस्थेचा निरोपही नाही. एका वर्गात २० मिनिटं, आठवड्याला चार शिक्षक. म्हणजे साधारण सहा-सात आठवड्यांत प्रत्येकाचा नंबर येतो. नोंदीचा कागद एकच, चार प्रश्नांचा. किती वेगवेगळी मुलं बोलली? फळ्यावरचं उतरवण्यात किती मिनिटं गेली? शेवटच्या बाकावरच्या वह्या कुणी पाहिल्या का? तास संपल्यावर मुलाला काय नव्याने येईल? चर्चा त्याच दिवशी, दहा मिनिटं, शिक्षकखोलीबाहेर.

पहिले दोन महिने हे फसलं. मी दारात दिसलो की टाचण (पाठाची लेखी तयारी) बाहेर, हात वर करणारी तीच पाच मुलं, सगळं दाखवण्यापुरतं. कारण साधं होतं: हा कागद गोपनीय अहवालाला जोडला जाणार अशी सगळ्यांची खात्री होती. दोन गोष्टी बदलल्या. निरीक्षणाचा कागद शिक्षकाकडेच राहील, माझ्याकडे फक्त तारीख, हे लेखी दिलं. आणि आठवीचं गणित मी आठवड्याला पाच तास शिकवत होतो, तो वर्ग सगळ्यांना खुला केला. माझ्याही तासाला तोच कागद भरून द्या म्हटलं. एका मॅडमनी लिहिलं, "सर, ३५ मिनिटांत सहाच मुलं बोलली." त्यानंतर बोलणं मोकळं झालं.

मुख्याध्यापक एकटा २० तुकड्या सांभाळू शकत नाही. पर्यवेक्षक हे पद बहुतेक शाळांत बदली तास लावण्यापुरतं उरलेलं असतं. आम्ही पर्यवेक्षकांचे आठवड्याचे तास ३० वरून १८ केले आणि सहावी ते आठवी पूर्ण त्यांच्याकडे दिली: हजेरी, पालकभेटी, घटक चाचण्यांचं विश्लेषण. जबाबदारी दिली पण तास कमी केले नाहीत तर माणूस दोन्हीकडे कमी पडतो. ही चूक मी आधीच्या शाळेत केलेली आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, मुख्याध्यापक नव्हते. छात्रालयाची जबाबदारी मात्र त्यांच्याकडे होती. एक पूर्ण क्षेत्र एका शिक्षकाच्या हाती सोपवलं की काय होऊ शकतं, याचं उदाहरण खानदेशातल्या शाळांना दूर शोधायला नको.

वार्षिक नियोजन इथल्या हंगामावर बसवा. कापूस वेचणीच्या दिवसांत, विशेषतः दिवाळीच्या मागेपुढे, सातवी ते नववीची हजेरी घसरते, म्हणून त्या आठवड्यांत नवा कठीण घटक घ्यायचा नाही, सराव आणि प्रकल्प ठेवायचे. नंदुरबारकडच्या शाळांत ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची मुलं असतात. तिथे दिवाळीआधीच पालकांना गाठून मूल गावी कुणाकडे राहील हे ठरवावं लागतं, नंतर उपयोग नाही. मार्चपासून ऊन असं चढतं की दुपारचा तास वाया जातो. सकाळच्या सत्राचं वेळापत्रक फेब्रुवारीतच तयार हवं. पहिलीच्या पालकसभेत अहिराणी किंवा लेवा बोलणारा शिक्षक पुढे ठेवा. "कथा जाई ऱ्हायना?" (कुठे चाललास?) एवढं कळणारा माणूस समोर असला की आई मुलाविषयी जे सांगते, ते प्रमाण मराठीत विचारलं तर सांगत नाही.

शुल्काचे हप्तेही याच हिशेबाने. जूनमध्ये मोठा हप्ता घेतला की शेतकरी घरात पेरणीचा खर्च आणि फी एकाच वेळी येतात, थकबाकी तिथेच तयार होते. आम्ही जूनमध्ये २० टक्के, ऑक्टोबरमध्ये २०, कापूस विकला गेल्यावर डिसेंबर-जानेवारीत ४०, मार्चमध्ये २० असं केलं. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, गणित वेगळं बसेल. शुल्कवाढीसाठी २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम पाळा: वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ, कार्यकारी समितीतले पालक सोडतीने, आणि प्रस्ताव पुढच्या वर्षाच्या किमान सहा महिने आधी. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला कागद समितीपुढे हवेत. एप्रिलमध्ये आठवण झाली तर त्या वर्षीची वाढ विसरा. प्रस्तावासोबत पगार, देखभाल, वीज यांचा खर्च एका पानावर द्या. पालकांना आकडे समजतात, लपवलेले आकडे जास्त चांगले समजतात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांची सरकारकडून मिळणारी प्रतिपूर्ती चालू वर्षाच्या जमेत धरू नका. ती येईल तेव्हा राखीव ठेवीत टाका. दोन महिन्यांच्या पगाराएवढी ठेव झाली की मुख्याध्यापक शिक्षकांसमोर ताठ उभा राहू शकतो.

सुरक्षेबाबत थोडक्यात: दहा किंवा अधिक कर्मचारी असले की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती वेगळी, आणि तक्रारपेटी आठवड्यातून ठरलेल्या वारी दोघांसमोर उघडायची. पेटीची किल्ली एकट्याकडे ठेवायची नाही.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, मी ठरवून दहा दिवस रजा घेतली, काय अडतं ते बघायला. वर्ग चालले, बदली तास लागले, पगार झाले. अडलं ते यू-डायसचं, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलचं, लॉगिन. शाळेचा २७०३ ने सुरू होणारा अकरा आकडी क्रमांक सगळ्यांना पाठ, पण ओटीपी जात होता तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाच्या मोबाईलवर. आता शाळेच्या नावाचं एक सिमकार्ड आहे. ते कार्यालयातल्या फोनमध्ये असतं. सर्व पोर्टलची यादी, वापरकर्ता नाव आणि शेवटचा बदल केल्याची तारीख एका बंद पाकिटात सचिवांकडे ठेवली आहे, आणि दर सहा महिन्यांनी ते पाकीट फोडून नवं करतो.