डर्बी तक्ता: १९६८ ची ओळ अखेर बसली

मंडळी, केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतल्या दरवर्षीच्या पहिल्या तीन घोड्यांचा तक्ता ज्या ओळीवर अडला होता, ती १९६८ ची ओळ सुटली.

भानगड अशी होती. डर्बीच्या मैदानावर, चर्चिल डाउन्सवर, त्या वर्षी डान्सर्स इमेज हा घोडा सगळ्यांच्या मागून येऊन दीड लेंथने (लेंथ म्हणजे घोड्याची लांबी) जिंकला, मग चाचणीत फिनाइलब्युटाझोन हे तेव्हा बंदी असलेलं वेदनाशामक निघालं आणि तो बाद झाला. फॉरवर्ड पास पहिला, फ्रान्सीज हॅट दुसरा, आणि चौथा आलेला टी. व्ही. कमर्शियल तिसरा झाला. डान्सर्स इमेजचा मालक कोर्टात गेला आणि प्रकरण १९७२ पर्यंत चाललं. मी दोन रकाने केले होते: शेवटची रेषा (पोस्ट) ओलांडतानाचा क्रम आणि रेकॉर्डवरचा क्रम. पण त्यात २०१९ आणि १९६८ अगदी सारखे दिसायचे, ते काही पटेना.

उत्तर टोटमध्ये, म्हणजे पैजेच्या पैशांच्या वाटपात, होतं! २०१९ मध्ये पहिल्या आलेल्या मॅक्सिमम सिक्युरिटीला स्टुअर्ड्सनी (शर्यतीच्या पंचांनी) सतरावा केला तो निकाल ऑफिशियल व्हायच्या आधी, वीसेक मिनिटं फिल्म बघून. म्हणून पैसे कंट्री हाउसच्या तिकिटांना मिळाले, दोन डॉलरच्या विनच्या (घोडा पहिला येईल या पैजेच्या) तिकिटाला १३२.४० डॉलर. १९६८ मध्ये मात्र डान्सर्स इमेजचे पैसे आधीच वाटून झाले होते. २०२१ चंही तसंच. पहिला आलेला मेदिना स्पिरिट बाद झाला २०२२ मध्ये. मँडलून विजेता ठरला, पण त्याच्या विनच्या तिकिटांना दमडी नाही. आता तिसरा रकाना टोटचा, आणि २०१९ बाकी दोन वर्षांपासून नीट वेगळं दिसतं. फार समाधान वाटलं.

चौथा घोडा कायम नोंदवा, तो कधी वर सरकेल सांगता येत नाही. शर्यतींचे जुने चार्ट (निकालपत्रकं) ज्यांच्याकडून मागवले त्यांनी नेमकी खालची कड कापलेले स्कॅन पाठवले. अशांकडून पुन्हा काही घेणार नाही.

स्प्रेडशीटचा टाइम फॉरमॅट आपल्या कामाचा नाही. जुन्या वेळा सेकंदाच्या पाचव्या भागात आहेत, तेव्हा सगळं सरळ सेकंदांत उतरवा. १९७३ च्या विजेत्या सेक्रेटेरियटचे क्वार्टर (पाव-पाव मैलाच्या वेळा) तसे मांडले: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. बेरीज ११९.४, म्हणजे एक मिनिट ५९ आणि दोन पंचमांश, बरोब्बर! दर क्वार्टर आधीच्यापेक्षा जलद. शॅम अडीच लेंथ मागे, अवर नेटिव्ह तिसरा. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो.

पुढे बेलमाँट ही दुसरी शर्यत घेणार होतो. पण हे लिहिताना आठवलं की डान्सर्स इमेजचा जॉकी बॉबी अशरी १९६७ ची डर्बी प्राउड क्लॅरियनवर जिंकला होता. म्हणजे रकाना बदलला की जॉकीची सलग दुसरी डर्बीही येते किंवा जाते. आणि १९६८ च्याच प्रीकनेस या शर्यतीत डान्सर्स इमेज तिसरा येऊन, अडथळा केल्यामुळे आठवा केला गेला; ती रेस फॉरवर्ड पासने जिंकली. तेव्हा बेलमाँट नंतर. आधी जॉकींचे तीन रकाने, मग प्रीकनेस. १९६८ च्या प्रीकनेसचा पूर्ण, कड न कापलेला चार्ट कुणाकडे असेल तर कळवा.