त्या लांबच्यांना पण

2025 च्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेनऊला लाईट गेली आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, स्लॅब दिवसभर तापून रात्री वाफा सोडतो, म्हणून आज्जीची वाकळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आम्ही सगळे गच्चीवर गेलो. त्याच आठवड्यात बातमी आली होती की सिंह राशीच्या दिशेला 124 प्रकाशवर्षं लांब के2-18बी नावाचा ग्रह आहे, त्याच्या हवेत जेम्स वेब दुर्बिणीला असा वायू दिसल्यासारखा वाटतोय जो आपल्याकडे समुद्रातले बारीक जीव तयार करतात. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांची टीम. मी दहावीच्या पोरांच्या सायन्सच्या शिकवण्या घेते, त्यामुळे दिवसभर डोक्यात तेच होतं. आज्जीला मघा नक्षत्राची चांदणी दाखवली, म्हटलं आज्जी, तो ग्रह दिसत नाही पण त्याच अंगाला आहे, तिथं कदाचित काहीतरी जिवंत असेल.

मला वाटलं ती म्हणेल देवाची लीला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, "तिथं बी मरत्यात का गं?"

मी म्हटलं जिवंत असेल तर मरणारच की. तर म्हणाली, "मग त्यास्नी बी देव लागतच असंल."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. इतके दिवस मी उलट्या बाजूनं विचार करत होते, की परग्रहावर जीव सापडला तर आपल्या देवाचं काय होणार, पोथ्यांचं काय होणार. आज्जीनं त्यांच्या बाजूनं विचार केला.

दुसऱ्या दिवशी शिकवणीत पोरांना विचारलं की असं खरंच सापडलं तर तुमची श्रद्धा हलेल का. माझ्याकडे सगळी पोरं आहेत, पूर्व भागातली तेलुगू बोलणारी, लिंगायत, मुसलमान, दोन जैन. सगळ्यांचं उत्तर एकच, आमचं काही बिघडणार नाही मॅडम, पण बाकीच्यांचं अवघड आहे. मला एकदम आठवलं की टेड पीटर्स नावाच्या अमेरिकेतल्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी 1300 हून जास्त लोकांना हेच विचारलं होतं आणि तिथंही बहुतेक श्रद्धाळू लोक म्हणाले होते की माझा विश्वास टिकेल, आणि ज्यांचा धर्मावर विश्वास नाही त्यांनाच जास्त वाटत होतं की धर्म अडचणीत येतील. म्हणजे आपण दुसऱ्याची श्रद्धा नेहमी आपल्यापेक्षा कच्ची धरतो. हे जैन पोराला लागू, मुसलमान पोराला लागू, मलाही लागू, मी सुद्धा मनात हेच धरून बसले होते की आज्जीला हे झेपणार नाही.

आणि खरंच बघितलं तर कोणाला किती जड जाईल? मुसलमान पोरगी म्हणाली आम्ही रोज नमाजात रब्बुल आलमीन म्हणतो, सगळ्या जगांचा पालनहार, एका जगाचा नाही. जैन पोरगा म्हणाला आमच्यात तर पाण्यात, मातीत, हवेत सगळीकडे जीव आहेतच. आणि आपल्याकडे अक्कलकोट चाळीस किलोमीटरच्या आत, दर गुरुवारी एसट्या भरून माणसं जातात आणि तिथं जयजयकार काय करतात, अनंतकोटी ब्रह्मांडनायक. अनंतकोटी! लहानपणापासून हा शब्द तोंडात आहे आणि त्याचा अर्थ काय होतो हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

ख्रिश्चनांचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे असं मला वाटतं, कारण त्यांच्यात देव एकदाच माणूस होऊन पृथ्वीवर आला, मग तिकडच्यांसाठी काय? असंख्य जगं आहेत आणि तिथं जीव आहेत असं म्हणणाऱ्या इटलीच्या जोर्दानो ब्रूनोला कॅथलिक चर्चच्या खटल्यानंतर 1600 साली रोममध्ये जिवंत जाळलं, त्याच्यावर दुसरेही आरोप होते पण हाही एक होता. आणि त्याच चर्चच्या व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख फ्युनेस 2008 मध्ये म्हणाले की परग्रहावरचा जीव असेल तर तो आपला भाऊच. चारशे वर्षं लागली, पण लागली म्हणजे सरकले की.

मला भीती वेगळीच आहे. श्रद्धा मोडेल याची नाही, श्रद्धाच ती बातमी एका घोटात गिळून टाकेल याची. ज्या दिवशी पक्कं सापडेल त्याच संध्याकाळी फॉरवर्ड येईल, आमच्या ग्रंथात हे आधीच लिहिलंय, आणि संपलं, त्यानंतर कोणी मान वर करून आकाशात बघणार नाही. मला याचा खरंच राग येतो. कारण बघणाऱ्यांनी किती खस्ता खाल्ल्या आहेत! जयंत नारळीकर आणि त्यांच्याबरोबरच्यांनी 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादहून बलून सोडून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली, बाहेरून जंतू येतात का हे शोधायला. तीन जंतू असे मिळाले जे आधी कुठेच नोंदलेले नव्हते, एकाला इस्रोचं नाव दिलं, एकाला आर्यभटाचं, एकाला इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं. आणि तरी इस्रोनं काय म्हटलं, की हे बाहेरूनच आले असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. इतकं करून एवढंच म्हणायला मोठं मन लागतं. हैदराबादच्या त्या बलून सोडणाऱ्या केंद्राच्या जाहिराती असतात, बलूनची यंत्रं विशाखापट्टणम, हैदराबाद, सोलापूर या रेषेच्या आसपास कुठेही पॅराशूटनं उतरू शकतात, सापडली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. आपल्या शेतात उतरू शकतात हो! पोरांना हे सांगितलं तेव्हा सगळ्यात मागचा पोरगा पहिल्यांदा सरसावून बसला.

दुसरी एक गोष्ट जी मला अजून सुटत नाही. लहानपणापासून कीर्तनात ऐकलंय की चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून नरदेह मिळतो, म्हणून तो दुर्लभ, कारण याच देहात देव कळतो. मग तिकडं कोणी असेल, विचार करणारं, रडणारं, मेलेल्यासाठी दिवा लावणारं, तर तो नरदेह धरायचा का? हात आठ असले तरी? मला वाटतं धरायला पाहिजे. दुर्लभ आहे ते कळणं, हातपाय नव्हे. पण हे बोलले की घरात वाद होतो, काका म्हणतात तू जास्त शिकलीस. होऊ दे वाद, देवळं आणि घरं दोन्हीकडे हा वाद आत्तापासून व्हायला पाहिजे असं माझं मत आहे, बातमी आल्यावर गडबडीत नको.

कोणी म्हणेल मग सिद्धेश्वराचं काय, तो तर याच गावचा, याच तळ्यातला. मला त्याची काळजी वाटत नाही. संक्रांतीच्या गड्डा जत्रेला नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ती एवढी उंच काठी पेलत चालतात, अडुसष्ट लिंगांना तेल वाहतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आम्ही पण चेंगराचेंगरीत उभं राहून तांदूळ टाकतो. तिथं कोणी असं म्हणत नाही की विश्वात आम्ही एकटेच आहोत. तिथं म्हणतात की हे तळं त्यानं आमच्यासाठी खोदलं. ते 124 प्रकाशवर्षं लांबच्या बातमीनं कसं खोटं ठरेल? जिथं तहान असेल तिथं तळं खोदणारा कोणीतरी लागेलच.

नंतर बातमी थंड पडली. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तोच डेटा तपासला आणि सांगितलं की खूण इतकी स्पष्ट नाही, पुरावा कमी पडतो. तसं व्हायलाच पाहिजे होतं, पण मला वाईट वाटलं, कारण आता आज्जीला सांगायचं होतं. ती रोज दिवेलागणीला उदबत्ती लावून घरातल्या एकेकाचं नाव घेते, मोठ्या मामापासून सुरू, पुण्याची नात, दुबईचा नातू, गेलेले आजोबा, आणि एप्रिलपासून शेवटी एक ओळ वाढली होती, "आन् त्या लांबच्यांना बी सुखी ठेव." मी तिला जवळ बसून सगळं नीट समजावलं, अजून नक्की नाही आज्जी, कदाचित तिथं कोणीच नसेल. तिनं ऐकलं, मान हलवली.

संध्याकाळी मी दाराशी थांबले. मोठा मामा, पुण्याची, दुबईचा, आजोबा. मग काडी संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, आन् त्या लांबच्यांना बी.