तुम्ही विचारलंत म्हणून: सोसायटीचे सामायिक वीजबिल न्याय्य आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

गृहनिर्माण संस्थांचे हिशेब पाहण्याचे काम मी करतो, त्यामुळे मेंटेनन्सचे बिल हातात घेऊन येणारे सभासद मला नेहमी भेटतात. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "आमच्याकडून जिन्यातल्या दिव्यांचे, लिफ्टचे आणि पंपाचे जे पैसे घेतात, ते बरोबर आहेत का?" पहिल्या मजल्यावरचे लोक हा प्रश्न लिफ्टवरून विचारतात, एक खोली-स्वयंपाकघराच्या सदनिकेत राहणारे क्षेत्रफळावरून, आणि ज्यांचे घर वर्षातले आठ महिने बंद असते ते वापरावरून. या सगळ्यांना मी आधी एकच सांगतो, की यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. बिलाचा आकडा खरा आहे का, हा पहिला. आणि तो आकडा सभासदांत योग्य रीतीने वाटला आहे का, हा दुसरा. सर्वसाधारण सभेत तासन्‌तास भांडण होते ते दुसऱ्यावर. माझ्या अनुभवात मात्र खरा अन्याय पुष्कळदा पहिल्यात लपलेला असतो, कारण मीटरवर काय काय चालते हे कोणीच पाहिलेले नसते.

म्हणून सुरुवात वाटणीपासून न करता महावितरणच्या मूळ बिलापासून करावी. चिटणीसांनी फलकावर लावलेला एकूण आकडा पुरेसा नाही. निदान वर्षभराची बिले समोर हवीत. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव (दोन रीडिंगमधला फरक ज्याने गुणून युनिट काढतात तो आकडा) आणि युनिट असे रकाने असतात. सलग काही महिने अगदी तेवढीच युनिट दिसत असतील, तर मीटर वाचलेच जात नाही आणि सरासरीने बिल येते आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. थकबाकीवरचा आकार आणि व्याज पाहावे. कार्यकारिणीने बिल उशिरा भरल्यामुळे आलेला विलंब आकार ही वीज नव्हे, आणि तो 'कॉमन लाइट' या शीर्षकाखाली मुकाट्याने सभासदांवर टाकणे मला पटत नाही. त्याचप्रमाणे अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी आली, तर ती रक्कम ठेव म्हणून ताळेबंदात दिसली पाहिजे. ती खर्चात धरली, की त्या वर्षीच्या सभासदांना उगाच जादा भार पडतो.

यानंतर युनिटचा अंदाज बांधावा. त्याला शाळेतले गणित पुरते. पाच अश्वशक्तीच्या पंपाची मोटर चालू असताना साधारण साडेचार किलोवॅट वीज ओढते. तो रोज चार तास चालला, तर दिवसाला १८ आणि महिन्याला ५४० युनिट होतात. सात मजल्यांवर प्रत्येकी दोन, असे नऊ वॅटचे चौदा एलईडी दिवे रात्री बारा तास जळले, तर महिन्याला साधारण ४५ युनिट. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की जिन्यातला दिवा कोण विसरले यावरचा वाद किती किरकोळ आहे ते कळते, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत राहिल्यास पैसा कुठे जातो तेही कळते. लिफ्टचा अंदाज मात्र असा बांधता येत नाही. लिफ्टच्या पाळण्याला समतोल राखणारे वजन दुसऱ्या बाजूला लावलेले असते, त्यामुळे रिकामी लिफ्ट वर जाताना मोटरला फारसे कष्ट नसतात आणि रिकामी खाली येताना ते जास्त असतात. मोटरची क्षमता गुणिले चालू तास हा हिशेब तिथे चुकीचे उत्तर देतो. लिफ्टला सबमीटर, म्हणजे फक्त तिचीच वीज मोजणारे वेगळे मीटर, बसवणे हाच खरा उपाय.

अंदाज आणि बिल यांत मोठी तफावत दिसली, तर मीटरच्या खोलीत जाऊन पाहावे. डोंबिवलीतल्या एका इमारतीत आम्ही हे केले होते. सूचना लावून, पंधरा मिनिटांसाठी लिफ्ट थांबवली, पंप बंद ठेवला, जिन्यातले आणि आवारातले सगळे दिवे मालवले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो आणि वीज वापरली जाईल तसा तो लुकलुकतो. किती लुकलुकी म्हणजे एक युनिट, हे मीटरच्या पट्टीवरच छापलेले असते. त्या मीटरवर ३२०० लिहिले होते. सगळे बंद असताना तो दिवा दर दहा सेकंदांनी एकदा लागत होता. म्हणजे तासाला ३६० वेळा, म्हणजे सुमारे ११२ वॅट, आणि अहोरात्र चालू असल्यास महिन्याला ८० युनिटच्या आसपास. शोध घेतल्यावर गच्चीवरच्या जिन्याच्या बोर्डातून एक वायर निघालेली दिसली, ती केबल आणि इंटरनेट पुरवणाऱ्याच्या पेटीपर्यंत गेली होती. ती चोरून घेतलेली नव्हती. कोणे एके काळी कोणीतरी तोंडी परवानगी दिली होती आणि पुढच्या कार्यकारिणीला त्याचा पत्ताच नव्हता. सभेने ठराव करून त्याच्याकडून दरमहा वीजखर्च घ्यायला सुरुवात केली.

अशा वायरी इतरही ठिकाणी सापडतात: न विकलेल्या सदनिकेत बिल्डरचे काम चालू असते, पार्किंगमधल्या प्लगवर एखादी विजेवरची स्कूटर रोज रात्री चार्ज होते, तळमजल्यावरच्या दुकानाची पाटी सामायिक मीटरवर उजळते. शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची आहे. सोसायटीचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांना घरगुती दर लागतो. त्याच मीटरवरून व्यापारी वापर झाला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि तो भुर्दंड दुकानदाराबरोबर सगळ्या सभासदांच्या माथी येतो.

आणखी एक मुद्दा सभासदांच्या लक्षात सहसा येत नाही. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. तुमच्या घरचा वापर बहुधा पहिल्या दोन टप्प्यांत संपतो. सोसायटीचे मीटर मात्र बहुतेकदा महिना संपण्यापूर्वीच ५०० ओलांडते आणि पुढचे प्रत्येक युनिट सर्वांत महाग दराने येते. म्हणून "माझ्या घरी युनिट इतक्याला पडते, मग सोसायटीला इतके का?" या तुलनेवरून कोणावर आळ घेऊ नये. आणि म्हणूनच वाचवलेले प्रत्येक युनिटही महागातलेच असते. गच्चीवर सौर संच बसवताना सामायिक मीटर आधी धरावे, असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणासाठी.

आता वाटणीकडे येतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (उपविधी म्हणजे संस्थेची नोंदवलेली नियमावली) सामायिक वीज सेवा शुल्कात मोडते आणि सेवा शुल्क सर्व सदनिकांवर समान विभागले जाते. सदनिकेच्या क्षेत्रफळाचा त्याच्याशी संबंध नाही. लिफ्टचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सभासदांत समान वाटायचा असतो, मग कोणी ती वापरो वा न वापरो. पहिल्या मजल्यावरच्यांना हे कडू लागते, पण मला ते रास्त वाटते. त्यांच्या नळाला येणारे पाणीही आधी गच्चीपर्यंत चढवलेले असते, आणि सातव्या मजल्यावरचा सभासद त्याचा वेगळा हिशेब मागत नाही. वापराप्रमाणे मोजायला बसलो, तर बंद घर, पाहुणे, दुखरे गुडघे आणि तान्ही मुले सगळेच मोजावे लागेल. नोंदणी 'अपार्टमेंट' म्हणून, म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली झाली असेल, तर नियम वेगळा आहे: तिथे सामायिक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामायिक मालमत्तेतल्या प्रत्येक घराच्या वाट्याच्या, टक्केवारीने वाटतात. आपली नोंदणी कशाखाली आहे हे न पाहताच भांडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

समान वाटणी चुकते ती साधारणपणे एकाच ठिकाणी, आणि तिथे मी लहान विंगच्या बाजूने उभा राहतो. समजा, 'ए' विंग सात मजली, लिफ्ट असलेली, २८ सदनिकांची. 'बी' विंग तीन मजली, लिफ्ट नसलेली, १२ सदनिकांची. आणि दोघींना मिळून एकच मीटर. २०,००० रुपयांचे बिल ४० घरांत सरळ वाटले, तर प्रत्येकी ५०० रुपये. सबमीटरने लिफ्टचा भाग ६,००० रुपये दाखवला, तर तो २८ घरांनीच द्यायचा आहे. उरलेले १४,००० चाळीसांत वाटल्यावर 'बी'ला ३५० आणि 'ए'ला साधारण ५६४ रुपये येतात. 'बी'तल्या एका घराचे वर्षाला १,८०० रुपये दुसऱ्याच्या लिफ्टवर खर्च होत असतात, आणि 'बी'चे लोक संख्येने कमी असल्यामुळे सभेतल्या मतदानात ते कधीच जिंकत नाहीत. हा प्रश्न हात वर करून सोडवायचा नाही, कारण उपविधी ठरावापेक्षा मोठा आहे. तो बदलायचा असेल, तर रीतसर दुरुस्ती करून सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदवावी लागते.

त्यामुळे मागणी लेखी करावी. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली सहकार कायद्यात स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आहे, आणि संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा व शुल्क भरून प्रती घेण्याचा सभासदाचा हक्क त्यातही आहे. चिटणीसांना द्यायच्या अर्जात बिलांच्या प्रती, वाटणीचे सूत्र आणि सबमीटरची नोंदवही एवढेच मागावे; त्यांच्या हेतूबद्दल एक अक्षरही लिहू नये, कारण तुमच्या-आमच्यासारखेच नोकरी सांभाळून विनामोबदला काम करणारे ते लोक असतात. उत्तर न मिळाल्यास उपनिबंधकांकडे जाता येते. मात्र तोवर मेंटेनन्स थांबवू नये. थकबाकीवर सर्वसाधारण सभा नियमांतल्या मर्यादेपर्यंत सरळव्याज लावू शकते, आणि थकबाकीदार म्हणून नाव लागले की मूळ मुद्दा ऐकायला कोणी तयार होत नाही. पैसे भरावेत, पोचपावती घ्यावी आणि 'वाटणीबाबत हरकत राखून' अशी नोंद पत्रात करावी. सूत्र चुकले आहे असे ठरले, तर जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती करून मागता येते.