आधी रॉड टाकायला शीक

माझा भाचा जिमला यायला लागला तेव्हा पहिल्या संध्याकाळी मी त्याला वजन टाकायला शिकवलं. रिकामा रॉड खांद्यावर घ्यायचा, स्क्वॉटमध्ये खाली जायचं आणि वर यायचंच नाही. तसंच आणखी खाली बसत रॉड सेफ्टीवर, म्हणजे रॅकच्या (रॉड ठेवायच्या उभ्या लोखंडी चौकटीच्या) दोन आडव्या दांड्यांवर, टेकवायचा आणि पुढे सरकून बाहेर पडायचं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. "आत्या, सगळे बघतायत," तो म्हणाला. बघेनात का. वजन अंगावर असताना बाहेर कसं पडायचं हे ज्याला येत नाही, त्याने मुळात ते घेऊ नये, असं माझं मत आहे. ते कोणाला पटो न पटो.

श्रावण लागला की आमच्या बडोद्यात जिम भरायला लागतात. नवरात्रात गरब्याला केडियू, म्हणजे तो आखूड घेरदार सदरा, घालायचा, त्यातून दंड दिसले पाहिजेत. दांडियाबाजारच्या मागच्या गल्लीत, तळघरातल्या आमच्या जिममध्ये तेव्हा उभं राहायला जागा नसते. ट्रेनर एकटाच. तो बिचारा या टोकाकडून त्या टोकाच्या मुलाला "थई जशे, थई जशे!" (होईल, होईल!) ओरडत असतो. आणि रॅकच्या सेफ्टीवर टॉवेल आणि घामाचे टीशर्ट वाळत घातलेले. मी आधी ते कपडे काढते. मग ओरडा होतो, "कोणाचा टॉवेल?"

सेफ्टी किती उंचीवर लावायची हे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. स्क्वॉटला, आपण जेवढं खाली बसतो तिथे रॉड जिथे पोहोचतो, त्याच्या बोटभर खाली. वर लावली तर प्रत्येक रेपला, म्हणजे दर वेळी खाली-वर करताना, ठण्णकन आवाज येतो, फार खाली लावली तर तिचा उपयोग नाही. रिकाम्या रॉडने एकदा बसून बघायचं आणि भोकाचा नंबर लक्षात ठेवायचा. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलायला, बाक रॅकच्या आत ओढायचा. छाती फुगवून, पाठीला थोडी कमान देऊन रॉड खाली आणला की तो छातीला लागला पाहिजे. श्वास सोडून पाठ सपाट केली की तोच रॉड सेफ्टीवर टेकला पाहिजे, गळ्याच्या वर. एवढं जमलं की वजन अडकलं तरी आरामात बाहेर सरकता येतं.

बेंचबद्दल मी जास्त कटकट करते, कारण त्यात रॉड थेट गळ्यावरून जातो. २००९ साली अमेरिकेत स्टॅफन जॉन्सन नावाच्या कॉलेज फुटबॉलपटूच्या हातातून बेंच करताना रॉड सटकला आणि गळ्यावर पडला. स्वरयंत्र चिरडलं, मोठी शस्त्रक्रिया झाली, सुदैवाने तो वाचला. तो काही नवशिका नव्हता. त्यामुळे अंगठा रॉडभोवती गुंडाळायचाच. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून रॉड नुसता तळव्यावर तोलायची एक फॅशन आहे, मनगटाला बरं वाटतं म्हणतात. मनगट दुखत असेल तर रॉड तळव्याच्या खालच्या भागावर, मनगटाच्या हाडाच्या सरळ रेषेत घ्या. अंगठ्याचा त्यात काही दोष नाही.

काही जिममध्ये नुसता बेंच असतो, रॅक नसतोच. तिथे एकट्याने करायची वेळ आली तर प्लेटांना लॉक लावू नका. अडकलात तर रॉड एका बाजूला कलंडवायचा, त्या बाजूच्या प्लेटा घसरून पडतात, मग दुसऱ्या बाजूच्या. फरशी फुटेल, मालक बोलेल, बोलू दे. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला (जमिनीवरून रॉड उचलायच्या प्रकाराला) मात्र लॉक हवेच. आणि सपोर्टला कोणी उभा करायचा असेल तर आधी बोलून घ्या: किती रेप करणार, रॉड कुणी काढून द्यायचा, हात कधी लावायचा. मोबाइल बघत उभा असलेला मित्र हा सपोर्ट नव्हे.

गेल्या वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत, बिकानेरला स्क्वॉट करताना २७० किलोचा रॉड मानेवर पडून १७ वर्षांची पॉवरलिफ्टर मुलगी गेली. तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरला आणि दोन आयांनी मुलींचं जिम बंद केलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, तो व्हिडिओ बघून कोणाच्याही पोटात गोळा येईल. एवढंच म्हटलं की मुलीला घेऊन एकदा माझ्याबरोबर या, सेफ्टी लावलेला रॅक स्वतः हलवून बघा, मग ठरवा. एक आली. दुसरी नाही आली.

आता स्क्वॉटची गंमत. भाचा लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचा. १८८० सालापासूनची ती जागा आहे आणि दांडियाबाजारातल्या मराठी घरांतली कितीतरी पोरं तिथून गेली आहेत. तिथल्या दंड-बैठका त्याच्या अंगात मुरलेल्या. आखाड्यातल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, अंग चवड्यावर येतं, हात झोकात फिरतात. बैठक तशीच असते, तिच्यात चूक काही नाही. पण खांद्यावर रॉड घेऊन तसं केलं की सगळा भार पुढे जातो, गुडघे कुरकुरतात आणि तोल गेला तर माणूस तोंडावर पडतो. रॉडच्या स्क्वॉटला टाच, अंगठ्याचा बुंधा आणि करंगळीचा बुंधा असे तिन्ही जमिनीला चिकटलेले हवेत आणि रॉड बाजूने पाहिलं तर पावलाच्या मधोमध वर. म्हणून पळायचे फोमचे बूटही काढायला लावते. सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट उत्तम. त्याला ही टाच सोडायची सवय मोडायला बरेच दिवस लागले, तोपर्यंत वजन वाढवू दिलं नाही.

रॉड मानेच्या हाडावर ठेवायचा नसतो. पाठीची वरची पाती मागे खेचली की मांसाची एक गादी तयार होते, तिच्यावर ठेवायचा. मानेला तो जाड फोमचा पॅड लागतोय, म्हणजे रॉड चुकीच्या जागी आहे. रॅकवर रॉड ठेवायचे हुक छातीच्या मध्याच्या उंचीवर असावेत. चवड्यावर उभं राहून रॉड काढावा लागत असेल तर थकल्यावर परत कसा ठेवणार? मागे दोनच पावलं. परत येताना हुक शोधायचे नाहीत, रॉड दोन्ही खांबांना लागेपर्यंत सरळ पुढे चालायचं आणि मग खाली सोडायचं. आणि प्लेटा उतरवताना एकदा इकडची, एकदा तिकडची. एक बाजू पूर्ण रिकामी केली की दुसऱ्या बाजूच्या वजनाने रॉड उडतो, आणि शेजारी उभ्या असलेल्याचा जबडा जातो.

डेडलिफ्टला घरचे सगळे घाबरतात. "कंबर जाईल." मला तर हाच प्रकार बाहेर पडायला सगळ्यात सोपा वाटतो: नाही जमलं तर सोडून दे, वजन तुझ्यावर कुठे आहे? कंबर जाते ती वाकडं उचलल्याने. रॉड पावलाच्या मधोमध वर, नडग्यांना जवळजवळ लागलेला, दंड ताणलेले, रॉडमधली ढील आधी काढून घ्यायची, मग जमीन पायांनी ढकलायची. हिसका नाही. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. नवीन मुलं पाच-पाच किलोच्या छोट्या प्लेटा लावतात, रॉड पार खाली जातो आणि पाठ वाकणारच. खाली जाड लाकडी फळ्या ठेवा, उंची साधा, मग उचला.

मी गणित शिकवते, त्यामुळे आणखी एक खोड. आमच्या जिममधल्या रॉडवर वजन लिहिलेलं नाही. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुषांचा रॉड २० किलोचा, बायकांचा १५ चा, पण जिममधले त्या मापाचे असतीलच असं नाही. रॉड हातात धरून वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. वहीत खरा आकडा लिहिला पाहिजे, नाहीतर आज किती वाढवलं हे कळणार कसं?

श्वासाचं शेवटी सांगते, कारण आमच्या दादालाही आता यायचंय. जड रेपच्या आधी पोटात श्वास भरून पोट घट्ट करायचं, वर आलं की सोडायचा. त्याने कणा टिकतो. पण रक्तदाब त्या क्षणी भयंकर चढतो. कॅनडातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली बॉडीबिल्डरांच्या धमनीतून थेट दाब मोजला होता. जड लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर) सरासरी ३२०/२५० निघाला. तरुण, निरोगी माणसं ती. दादा रोज बीपीची गोळी घेतो. त्याला म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार, मग हलक्या वजनावर, श्वास न कोंडता, दहा-बारा रेप करता येतील असं करू. म्हणाला, सोमवारी जातो. असे दोन सोमवार झाले.